चालत्या मोटरबोटीचा कल: कारण शोधण्याची पद्धत

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली किंवा तापोळ्याहून निघणारी प्रवासी बोट असो, की पावसाळ्याच्या तोंडावर गोदामातून काढून सांगलीत कृष्णेच्या पाण्यात उतरवलेली बचावाची बोट असो, चालताना ती एका बाजूला कलू लागली की पहिला संशय इंजिनावर जातो. ‘इंजिन ओढते आहे’ असे म्हणून मेकॅनिकला बोलावले जाते, इंजिन सोडवून पुन्हा बसवले जाते आणि कल मात्र बहुधा तसाच राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की इंजिनाला हात लावण्याची पाळी अगदी शेवटी यावी. कल हा वजनाचा, आत शिरलेल्या पाण्याचा, वाऱ्याचा किंवा तळाच्या आकाराचा दोष असण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो, आणि या चारही गोष्टी मोजपट्टी, पाण्याचे दोन कॅन, एक फोन आणि वारा सुटण्यापूर्वीची सकाळ एवढ्या साधनांनी तपासता येतात.

पुढील विवेचन साधारणपणे १२ ते २२ फूट लांबीच्या, मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले एक (आउटबोर्ड) इंजिन असलेल्या फायबरच्या बोटीला लागू आहे. रबरी बोटींविषयी शेवटी वेगळे लिहिले आहे. डावी आणि उजवी बाजू म्हणजे नाळेकडे, अर्थात बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसलेल्या माणसाची डावी आणि उजवी बाजू. चाचणीच्या वेळी बोटीत प्रवासी नसावेत, चालवणारा आणि नोंद करणारा अशा दोघांनीच जावे, दोघांनीही लाइफ जॅकेट घातलेले असावे आणि इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी.

उभ्या बोटीपासून सुरुवात

चालताना कलणारी बोट उभी असतानाही थोडी कललेली असते का, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नुसत्या नजरेने मिळत नाही, कारण धक्क्याला बांधलेल्या बोटीकडे आपण सहसा एकाच बाजूने पाहत असतो. बोट दोऱ्या सैल करून शांत पाण्यात उभी करावी, माणसे उतरवावीत, आणि बोटीच्या मध्यावर समोरासमोरच्या दोन जागी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. हीच मोजणी मागच्या फळीजवळही करावी. समजा, बोटीची रुंदी १.८ मीटर आहे आणि दोन बाजूंच्या अंतरांत ९.५ सेंटिमीटरचा फरक निघाला, तर फरकाला रुंदीने भागून ५७ ने गुणले की कल अंशांत मिळतो, आणि तो येथे सुमारे ३ अंश येतो. एवढा कल चढताना-उतरताना जाणवतही नाही, पण वेगात तो चांगलाच जाणवतो.

उभ्या बोटीत कल आढळला तर चालताना दिसणाऱ्या कलाचा काही भाग, आणि कधी तो संपूर्णपणे, तिथेच सापडला असे समजावे. मग आतील प्रत्येक जड वस्तू तिच्या जागेसह कागदावर लिहावी. २५ लिटरच्या टाकीत सुमारे साडेअठरा किलो पेट्रोल असते, बॅटरीचे वजन २० किलोच्या आसपास असते, आणि नांगर, दोरखंड, वल्ही, हत्यारांची पेटी या वस्तू हाताला सोयीच्या म्हणून वर्षानुवर्षे एकाच बाजूला साठत जातात. यांपैकी एकेक वस्तू क्षुल्लक वाटते, पण सगळ्या एका बाजूला आल्या की दोन माणसे त्या बाजूला बसल्यासारखे होते. बॅटरी आणि टाकी शक्य तो मध्यरेषेवर आणाव्यात आणि ते शक्य नसेल तर एक डावीकडे व दुसरी उजवीकडे ठेवावी.

वस्तू हलवूनही कल गेला नाही तर पाण्याचा संशय घ्यावा, आणि येथे घाई करू नये, कारण चालत्या बोटीच्या कलाची सर्वांत फसवी कारणे याच एका गोष्टीतून निघतात.

आत दडलेले पाणी

पाय ठेवण्याच्या फळीखाली, म्हणजे वरचा मजला आणि तळ यांच्यामधल्या पोकळीत, साठलेले पाणी दिसत नाही. ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद जागेत केवळ ५ सेंटिमीटर पाणी साठले तरी ते १८० लिटर, म्हणजे १८० किलो होते. हे वजन एका जागी स्थिर राहत नाही, हीच त्यातली अडचण आहे. बोट कोणत्याही क्षुल्लक कारणाने डावीकडे एक अंश झुकली की पाणी डावीकडे धावते, त्यामुळे झुकाव वाढतो आणि वाढलेल्या झुकावामुळे आणखी पाणी तिकडे जाते. मूळ कारण कितीही छोटे असले तरी मोकळे पाणी त्याला मोठे करून दाखवते, आणि मग एखाद्या निरुपद्रवी गोष्टीवर, वाऱ्यावर किंवा इंजिनाच्या पाण्यातील पंख्याच्या फिरण्यावर, सगळा दोष येतो. म्हणून पुढची कोणतीही चाचणी करण्यापूर्वी बोट काठावर घेऊन मागची निचऱ्याची बूच काढावी, नाळ थोडी उंच ठेवावी आणि पाण्याची धार पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. तळातले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपावर विसंबू नये, कारण पंप त्याच्या तोंडापर्यंत पोचलेले पाणीच काढतो आणि मधल्या आडव्या पट्ट्यांमागे अडकलेले पाणी तसेच राहते.

पाणी आत येते कुठून, हेही तेव्हाच पाहावे. निघण्यापूर्वी आणि फेरी संपल्याबरोबर लगेच काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर पुन्हा मोजावे. उभ्या बोटीचा कल फेरीनंतर वाढला असेल तर चालताना पाणी आत येत आहे, आणि मग बूच, इंजिनाच्या बोल्टांची भोके, मागची फळी व तळ यांचा सांधा आणि मासे शोधणाऱ्या फिश-फाइंडरसारख्या उपकरणांसाठी पाडलेली भोके या क्रमाने तपासणी करावी.

धारेने न निघणारे पाणी याहून वाईट असते. अनेक फायबर बोटींत मजल्याखाली किंवा बाकांखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, आणि त्याच्या आवरणाला चिरा पडल्या की तो वर्षानुवर्षे पाणी शोषत राहतो व एकदा भिजला की आपोआप वाळत नाही. शिवसागराच्या काठावर याला एक खास कारण मिळते. कोयना धरणाच्या या जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीहून अधिक आहे, पण पाणी विजेसाठी आणि सिंचनासाठी उतरत जाते, तसतसा काठ खाली सरकतो आणि बोटी उतारावरच्या मुरमावर ओढून ठेवाव्या लागतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तळाची बोट जमिनीवर सरळ उभी राहत नाही, ती एका कुशीवर टेकते, आणि जागा ठरलेली असेल तर दरवेळी त्याच कुशीवर टेकते. पावसाचे पाणी त्या बाजूला साचते, फोम त्याच बाजूचा भिजतो आणि तळाचा थरही त्याच बाजूचा मुरमावर घासून झिजतो. तेव्हा बोट काठावर कोणत्या कुशीवर ठेवली जाते आणि पाण्यात ती कोणत्या बाजूला कलते, या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. ती जुळली तर शोधाची दिशा बरीचशी ठरते.

भिजलेला फोम ओळखण्यासाठी मजल्यावर आणि बाकांच्या बाजूंवर लाकडी हातोडीने हलके ठोकत जावे. कोरड्या जागी आवाज मोकळा येतो आणि भिजलेल्या जागी तो बसका, दबलेला येतो. खात्री हवी असेल तर ट्रेलरसह बोट ट्रकच्या वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखान्यांच्या या भागात वजनकाटा शोधायला लांब जावे लागत नाही. आधी संपूर्ण वजन घ्यावे, मग फक्त डाव्या बाजूचे चाक काट्यावर आणि उजवे चाक बाहेर, नंतर त्याउलट, असे करून दोन्ही चाकांवरच्या भारांची तुलना करावी. यासाठी काट्याबाहेरची जमीन समपातळीत असली पाहिजे आणि बोट ट्रेलरवर बरोबर मध्ये बसलेली असली पाहिजे. फोम भिजलेला आढळला तर मजला कापून तो काढणे आणि नवा, पाणी न शोषणारा फोम भरून वरून फायबरने बंद करणे, हाच उपाय आहे. वरून रंग देऊन किंवा दुसऱ्या बाजूला वाळूचे पोते ठेवून कल झाकणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यात बोट दोन्ही बाजूंनी जड होते आणि तिची तरंगण्याची राखीव ताकद तेवढी कमी होते.

बोटीचा स्वभाव आकड्यांत मांडणे

बोट रिकामी, कोरडी आणि उभी असताना सरळ झाली की एक छोटा प्रयोग करावा, जो मी या सगळ्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग मानतो. २० लिटरचे दोन कॅन पाण्याने भरून, म्हणजे ४० किलो वजन, मध्यरेषेपासून ७० सेंटिमीटर अंतरावर एका बाजूला ठेवावे. वजनाला अंतराने गुणले की २८ किलोग्रॅम-मीटर एवढा कलवणारा जोर मिळतो. मधल्या बाकावर घट्ट चिकटवलेल्या फोनमधील लेव्हलच्या ॲपवर किती कल आला ते पाहावे आणि काठाच्या मोजणीने तो ताडून पाहावा. समजा, तो दीड अंश आला. याचा अर्थ ही बोट एक अंश कलवण्यासाठी सुमारे १९ किलोग्रॅम-मीटर जोर लागतो. आता चालताना ती ४ अंश कलते असे दिसले, तर कुठूनतरी सुमारे ७५ किलोग्रॅम-मीटर जोर येत आहे, म्हणजे ७५ किलोचा माणूस मध्यापासून एक मीटर बाजूला बसल्याएवढा.

या आकड्याची इंजिनाच्या जोराशी तुलना करावी. बहुतेक एकेरी आउटबोर्ड इंजिनांचा पंखा मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि त्याची प्रतिक्रिया बोटीला उलट दिशेने, म्हणजे डावी बाजू खाली जाईल अशी, पिळते. म्हणून स्टिअरिंग असलेल्या बोटीत चालवणाऱ्याची जागा सहसा उजवीकडे असते. ही पिळवट खरी आहे, पण ती किती आहे ते मोजून पाहावे. ४० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देत असेल आणि त्याचे गिअरचे गुणोत्तर २ असेल, तर पंख्याच्या दांड्यावर सुमारे १०४ न्यूटन-मीटर, म्हणजे साडेदहा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास, पिळवट येते. वरच्या उदाहरणातील बोट त्यामुळे जेमतेम अर्धा अंश कलेल. ७५ किलोचा माणूस १४ सेंटिमीटर बाजूला सरकला तरी तेवढाच परिणाम होतो. बोट ४ अंश कलत असेल, किंवा उजवीकडे कलत असेल, तर पंख्याच्या पिळवटीला दोष देता येत नाही, आणि एवढे समजले तरी मेकॅनिकची एक व्यर्थ फेरी वाचते.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. बोट सावकाश, पाणी कापत चालते तोपर्यंत तो चांगला लागू पडतो. वेग वाढून ती पाण्यावर उचलली गेली की तिला आधार देणारा दाब तळाच्या मागच्या भागात एकवटतो आणि कलाला होणारा विरोध बदलतो, त्यामुळे त्या वेगाला हे आकडे अंदाजासाठीच वापरावेत.

पाण्यावरची चाचणी

वारा नसलेल्या सकाळी, मोकळ्या आणि खोल पाण्यात बोट न्यावी. आधी गिअरमध्ये टाकून अगदी सावकाश, मग वेग हळूहळू वाढवत बोट पाण्यावर उचलली जाईपर्यंत, आणि शेवटी नेहमीच्या धावत्या वेगाला, अशा टप्प्यांत प्रत्येक ठिकाणी वेग स्थिर ठेवून फोनवरचा कल नोंदवावा. वेगासाठी फोनमधील जीपीएस पुरेसे आहे. या नोंदींतून पुष्कळ कळते. कल सर्व वेगांना सारखाच असेल तर कारण वजनाचे आहे. सावकाश चालताना कल नसेल आणि बोट उचलली गेल्यावर तो एकदम दिसू लागत असेल, तर कारण तळाचा आकार, ट्रिम (म्हणजे इंजिन आत किंवा बाहेर झुकवण्याचा कोन) किंवा सुकाणूची दिशा यांत आहे. एक्सलरेटर सोडताच, वेग अजून कायम असताना, कल क्षणात कमी होत असेल तर पंख्याच्या पिळवटीचा त्यात वाटा आहे, कारण पिळवट लगेच संपते आणि तळावरचा पाण्याचा दाब वेग उतरेपर्यंत टिकतो. वेगात कल एका बाजूला स्थिर न राहता बोट डावी-उजवीकडे लयीत डोलू लागली, तर तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे. अशा वेळी वेग उतरवायला ताबडतोब सुरुवात करावी, पण तो झटका न देता उतरवावा.

प्रत्येक नोंद दोन दिशांना घ्यावी. एकदा तापोळ्याकडे जाताना आणि एकदा परतताना, त्याच पाण्यातून, त्याच वेगाने. येथे एक गोष्ट नवख्यांना चकवते. आडवा वारा बोटीला आपल्या जोराने पलीकडे झुकवेल अशी आपली अपेक्षा असते, पण खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची वेगवान बोट बहुधा वाऱ्याकडेच झुकते. वारा डावीकडून आला की तो उंच नाळ उजवीकडे ढकलतो, चालवणारा नकळत स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवतो, आणि अशा तळाची बोट ज्या दिशेला वळवली जाते त्या दिशेलाच झुकते. म्हणून जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे कल दिसला, तर दोष बोटीत नाही, वाऱ्यात आहे. दोन्ही दिशांना डावीकडेच दिसला तर दोष बोटीत आहे. डोंगरांमधल्या निमुळत्या दरीत वारा एकाच रेषेत वाहत राहतो, त्यामुळे रोज ठरावीक वेळी ठरावीक मार्गाने जाणाऱ्या चालकाला बोट नेहमी एकाच बाजूला कलते असा प्रामाणिक भ्रम होऊ शकतो, आणि परतीच्या फेरीकडे त्याचे तेवढे लक्ष गेलेले नसते.

त्यानंतर चालवणारा आणि नोंद करणारा यांनी आपल्या जागा बदलता येत असतील तर बदलून, किंवा नोंद करणाऱ्याने बाजू बदलून, तीच फेरी पुन्हा करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माणूस, ट्रिम आणि टाकीची जागा एकदम बदलून कल गेला तर तो कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या हंगामात तोच शोध पुन्हा सुरू करावा लागेल.

ट्रिम, सुकाणू आणि इंजिनाची जागा

इंजिन फार आत ओढलेले, म्हणजे नाळ खाली दाबणारे, असेल तर वेगात बोटीचा पुढचा निमुळता भाग पाण्यात रुतून सुकाणूचे काम करू लागतो. बोट सरळ जात नाही, तिला सतत धरून ठेवावे लागते आणि ती एका बाजूला पडून धावते. धावत्या वेगाला ट्रिम थोडे थोडे बाहेर घेत जावे. कल आणि हाताला जाणवणारी ओढ दोन्ही एकदम कमी झाली तर कारण सापडले. ज्या इंजिनाला विजेवर चालणारे ट्रिम नाही, त्याच्या कंसातील खिळ एक भोक पुढे-मागे करून हीच चाचणी घ्यावी. खिळ बदलताना इंजिन बंद असावे, हे सांगायला नको.

स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याखाली असलेला छोटा पाता पाहावा. स्टिअरिंग उजवीकडे ओढत असेल तर त्या पात्याची मागची कड किंचित उजवीकडे वळवावी, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. वाचताना हे उलटे वाटते, पण पाण्याचा दाब पात्याला विरुद्ध बाजूला ढकलतो आणि ओढ कमी होते. हा पाता ओढीवरचा उपाय आहे, कलावरचा नव्हे. मात्र चालवणाऱ्याला सतत स्टिअरिंग वाकडे धरावे लागल्यामुळेच बोट कलत असेल तर ओढ संपताच कलही संपतो.

इंजिन मध्यभागी आहे की नाही हे मागच्या फळीच्या दोन्ही कडांपासून मोजून पाहावे आणि बोल्ट सैल नाहीत याची खात्री करावी. सुमारे १०० किलोचे इंजिन ५ सेंटिमीटर सरकल्याने केवळ ५ किलोग्रॅम-मीटर जोर येतो, म्हणजे वजनाच्या दृष्टीने ते नगण्य आहे. पण धक्का मध्यरेषेबाहेरून बसल्यामुळे बोट वळू पाहते आणि सुकाणू वाकडे धरावे लागते, हा परिणाम जास्त मोठा आहे. दोन इंजिने असतील तर दोन्हींची ट्रिम आणि फेऱ्या सारख्या आहेत का ते पाहावे. मागच्या फळीवर ट्रिम-टॅब, म्हणजे खाली-वर हलणारे आडवे पत्रे, असतील तर त्यांपैकी एखादे खाली अडकलेले नाही ना, हे बोट धक्क्याला असतानाच पाहावे. उजवीकडचे खाली अडकले की ते उजवी बाजू उचलते आणि बोट डावीकडे कलते.

तळाची तपासणी

वरील सगळे निर्दोष निघाले आणि कल फक्त वेगातच दिसत असेल, तर बोट पाण्याबाहेर घ्यावी लागते. गवंडी प्लास्टरसाठी वापरतात तशी सरळ अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी घ्यावी, ती सरळ असल्याची आधी खात्री करावी, आणि तळाच्या मागच्या दीड मीटर भागावर कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या रेषेला, समांतर टेकवावी. डावीकडे आणि उजवीकडे कण्यापासून सारख्याच अंतरावर ती टेकवून पट्टी आणि तळ यांच्यातील फट पाहावी. तळ या भागात सरळ असायला हवा. मागच्या टोकाशी तो खाली वळलेला असेल, म्हणजे पट्टीच्या मध्ये फट दिसत असेल, तर वेगात तिथे जास्त दाब येऊन ती बाजू उचलली जाते आणि बोट विरुद्ध बाजूला कलते. उलट तळ फुगीर असेल, म्हणजे पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना डगमगत असेल, तर तिथे पाणी तळाला खाली ओढते आणि बोट त्याच बाजूला कलते. वेगवान बोटीत तीन-चार मिलिमीटरचा फरकही जाणवतो, आणि दोन बाजूंत जो असमानपणा आहे तोच महत्त्वाचा असतो. दोन्ही बाजू सारख्याच वाकड्या असतील तर बोट नाळ दाबून किंवा उचलून चालेल, पण कलणार नाही.

हा वाकडेपणा येण्याची सामान्य कारणे दोन आहेत. ट्रेलरच्या आधाराच्या फळ्या मागच्या फळीपर्यंत न पोचता आधीच संपत असतील, तर इंजिनाच्या वजनाने बोटीचा मागचा भाग महिनोन्‌महिने लोंबत राहतो आणि तळ त्या ठिकाणी वाकतो. दुसरे कारण दुरुस्तीचे. खडकावर आपटलेल्या बाजूला फायबरचे थर चढवताना मूळ आकार मोजून न घेतल्यामुळे तिथे उंचवटा राहतो. तळावरच्या लांबट उभारलेल्या पट्ट्या आणि तळ व बाजू मिळतात ती कड, या दोन्ही ठिकाणी धार दोन्ही बाजूंना सारखी आहे का हे हाताने चाचपून पाहावे. बोथट झालेली कड पाणी बाहेर तोडत नाही, वर चढू देते, आणि त्या बाजूचा उठाव कमी होतो. अंगठ्याने दाबल्यावर तळ कुठे लवत असेल तर बाहेरून मोजून उपयोग नाही, कारण वेगात त्याचा आकार वेगळाच होतो. अशी जागा आतून मजबूत केल्याशिवाय दुसरे काही करू नये. एका बाजूला साठलेले शेवाळ हेही एक कारण आहे, आणि ते खरवडणे सर्वांत स्वस्त असल्यामुळे मोजणीपूर्वीच करून घ्यावे.

वाकलेला तळ पुट्टी भरून आणि घासून सरळ करता येतो. ते काम अनुभवी फायबर कारागिराकडेच द्यावे आणि घासताना मूळ थर पातळ होऊ देऊ नयेत.

दोन्ही बाजूंना कलणारी बोट

उभी असताना कधी डावीकडे, कधी उजवीकडे टेकून राहणारी, एका बाजूने दुसरीकडे ढकलली की तिकडेच पडून राहणारी बोट वर सांगितलेल्या कोणत्याही प्रकारात बसत नाही. तिचे वजन फार उंचावर गेलेले आहे, किंवा आत मोकळे पाणी आहे, किंवा दोन्ही आहे, आणि सरळ उभे राहण्याची तिची शक्ती संपलेली आहे. छत बसवलेल्या प्रवासी बोटीत छतावर सामान ठेवले, प्रवासी उभे राहिले किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे बसली की हे घडू शकते. येथे स्वाभाविक वाटणारा उपाय, म्हणजे लोकांना उंच झालेल्या बाजूला सरकायला सांगणे, हाच सर्वांत घातक आहे. बोट एकदम दुसऱ्या बाजूला आदळते आणि वेगामुळे तिथून पुढे उलटू शकते. सगळ्यांना आहे तिथेच खाली, तळाशी बसवावे, छतावरचे सामान हळूहळू खाली घ्यावे, वेग उतरवावा आणि जवळच्या काठाकडे तीव्र वळण न घेता जावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही पुढे गेले होते त्या दिवसांत, पलूस तालुक्यातील ब्राह्मनाळ येथे लोकांना घेऊन येणारी बोट उलटून अनेक माणसे बुडाली. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा करण्याची ही जागा नाही, पण या जिल्ह्यात बोटीच्या स्थैर्याचा विचार प्रत्येक गावाने पाणी येण्यापूर्वी केला पाहिजे, एवढे मी मनापासून म्हणतो.

पुरासाठी ठेवलेल्या रबरी बोटी

रबरी बोट कलत असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतील हवेचा दाब दाबमापकाने मोजावा. अंगठ्याने दाबून पाहणे पुरेसे नसते. उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात उतरल्यावर आकसते आणि नळी सैल होते, म्हणून बोट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावी आणि मग बोटीवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी. त्यानंतर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. एका कप्प्याचा दाब उतरला असेल तर झडप आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. मजल्याच्या फळ्या नीट अडकलेल्या नसतील तर बोट मध्येच मोडल्यासारखी वाकते आणि वजन पडेल त्या बाजूला कलते, हेही पाहावे.

पुराच्या पाण्यात मोकळी चालणारी बोट केवळ एकसारख्या प्रवाहामुळे कलत नाही, कारण ती प्रवाहाबरोबरच वाहत असते. ती कुठेतरी अडकली, विजेच्या खांबाला, झाडाला किंवा आडव्या ताणलेल्या दोरीला टेकली, की मात्र पाणी तिच्याखालून जोराने जाऊ लागते आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूचा काठ खाली ओढला जातो. चालत्या बोटीने अचानक प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकायला सुरुवात केली तर आधी ती कशाला अडकली आहे का ते पाहावे. सर्वांनी अडथळ्याच्या बाजूला, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला, वजन टाकून वरचा काठ उचलावा आणि दोरी अडकली असेल तर ती कापावी. त्यासाठी धारदार सुरी बोटीत हाताशी, पण म्यानात, ठेवलेली असावी.